मेश वायफाय: केबल जोडली तेव्हा पैसे वसूल

सांगलीच्या आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड फुटी, म्हणून तीन डब्यांचा ड्युअल-बँड (दोन लहरपट्ट्यांचा) मेश वायफाय घेतला, म्हणजे एकमेकांना सिग्नल पुढे देणारे राउटर. माडीवर रेंज आली, पण वेग निम्म्यावर! डबे एकमेकांशीही त्याच चॅनेलवर बोलतात, त्यामुळे डेटाचं प्रत्येक पॅकेट (तुकडा) हवेतून दोनदा जातं. त्यात प्रत्येक नेटवर्क-नावाचा बीकन, म्हणजे ‘मी इथे आहे’ असा संदेश, सहसा दर 102.4 मिलिसेकंदांनी, 2.4 गिगाहर्ट्झवर बऱ्याचदा 1 एमबीपीएसच्या संथ गतीने. नावं जितकी जास्त, तितकी हवा अडलेली. मी पाहुण्यांचं वेगळं नाव बंद केलं, थोडा फरक पडला. खरा फरक जिन्यातून कॅट-6 नेटवर्क केबल ओढून डबे जोडल्यावर. केबल शक्य नसेल, तर ट्राय-बँडच घ्या, त्यात डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी तिसरी पट्टी ठेवता येते. त्या रात्री आई माडीवरून नातवाशी तासभर व्हिडिओवर बोलली, एकदाही चित्र अडकलं नाही.