फिगो डिझेलचे हीटर प्लग आणि वागळे इस्टेटमधलं एक गॅरेज

गाडी सकाळी टाकून संध्याकाळी हातात हवी असेल तर या गॅरेजच्या वाटेला जाऊ नका. बाकीच्यांनी जरूर जावं, आणि डिझेल गाडी जुनी असेल तर दुसरीकडे पैसे घालवण्याआधी जावं.

गाडी फोर्ड फिगो, १.४ डिझेल, २०११ ची, एमएच ०४. बाबांनी घेतलेली, आता खारेगाव ते रबाळे मी चालवते. मी तिथल्या एका कारखान्यात कॅलिब्रेशनला आहे. दिवसभर टॉर्क रेंच (ठरवलेला जोर झाला की क्लिक देणारा पाना) आणि मीटर तपासायचे, हेच काम. त्यामुळे समोरचा पाना कसा धरतो याकडे माझं लक्ष जातंच. खालचं मत त्याच नजरेचं आहे, हे लक्षात घेऊन वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं. इंजिन गार असलं की ती हवा पुरेशी तापत नाही, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक ग्लो प्लग असतो. गॅरेजवाले त्याला हीटरच म्हणतात. चावी फिरवली की काही सेकंदांत त्याचं टोक लालभडक होतं, आठशे-नऊशे अंशांच्या घरात जातं.

ठाण्यात याची गरज क्वचितच पडते आणि गोची तिथेच आहे. आपल्याकडे जानेवारीतही पारा सहसा पंधराच्या खाली जात नाही. कॉमन रेल, म्हणजे खूप दाबाने डिझेल फवारणारी गाडी तेवढ्यात हीटरशिवायही सुरू होते, फक्त सेल्फ जरा जास्त मारावा लागतो. मग पहिलं मिनिटभर गाडी थरथरते, मागून पांढरट धूर येतो आणि आपण म्हणतो, जुनी झाली आता. पीयूसीत काही कळत नाही, कारण ती तपासणी गरम इंजिनावर होते. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवाही फसवा. तो लागला म्हणजे हीटरला करंट सोडायचा हुकूम गेला, एवढंच. हीटर तापला की नाही हे त्या दिव्याला कळत नाही. निदान माझ्या गाडीच्या पिढीत तरी नाही. ठाण्या-मुंबईत मेलेल्या हीटरवर बिनबोभाट चालणाऱ्या गाड्या कमी नसणार.

आमची उघडी पडली निफाडला. आजोळ तिकडचं. थंडीत द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते असा तो भाग. पहाटे गाडीने साफ नकार दिला, बॅटरी बसली. मामाच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंप दिला तेव्हा कुठे एकदाची उठली, तीही अख्ख्या अंगणात धूर करून.

परत आल्यावर आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. एसी वेटिंग रूम, कॉफीचं मशीन, सगळं होतं. तिथे मीटर कुणी हातात घेतलाच नाही. आधी म्हणाले बॅटरी बदला, मग म्हणाले सेल्फ गेलाय. हीटरचं मी विचारल्यावर, "मॅडम, जुने प्लग हमखास तुटतात, हेड उतरवावं लागेल, अठ्ठावीस हजारांची तयारी ठेवा." तुटू शकतात हे खरं आहे. पण एकही प्लग न तपासता हेडवर, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग खोलण्यावर, उडी मारणारा माणूस मला नको होता.

हे गॅरेज ऑफिसमधल्या एका ड्रायव्हरदादांनी सांगितलं. रोड नंबर १६ वरून आतल्या गल्लीत वळायचं. पाटीवर नाव नाही, लाल अक्षरांत फक्त 'डिझेल पंप, नोझल, टर्बो'. मिस्त्री साताऱ्याकडचे, साठीच्या आतबाहेरचे, बोलणं मोजकं. मी वर्कशॉपचं सगळं रामायण सांगितलं, ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, बॅटरी राहू द्या. आधी अँपियर बघू."

हीटरच्या मुख्य वायरीवर क्लॅम्प मीटर लावला, म्हणजे वायर न तोडता चिमट्याने करंट मोजणारा. लावण्याआधी तो झिरो केला. डीसी करंट मोजताना हे करावंच लागतं, आणि आमच्याकडे नव्या मुलांना ते पुन्हापुन्हा सांगावं लागतं. इथे न सांगता झालं, तेव्हाच मी निम्मी जिंकली गेले. चारही हीटर चांगले असतील तर सुरुवातीला पन्नास-साठ अँपियर तरी दिसायला हवेत. दिसले चौदा. म्हणजे चारांत एकच जिवंत. मग वायर सोडवून एकेक प्लग मल्टिमीटरवर घेतला. चांगल्या प्लगला ओहमभर किंवा त्याहून कमी रेझिस्टन्स येतो. तिघांनी सरळ 'ओएल' दाखवलं, म्हणजे आतून तुटलेले. या तपासणीचे पैसे त्यांनी वेगळे घेतले नाहीत.

त्यानंतर जॉब कार्डच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: प्लग शाबूत निघाला तर इतके, तुटला आणि ड्रिल करून काढावा लागला तर इतके, हेड खोलायची वेळ आली तर इतके, आणि ती वेळ आली तर तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. खाली सही. वर्कशॉपच्या छापील एस्टिमेटपेक्षा मला हा कागद जास्त आवडला.

आता खरा त्रास. फिगोचं हे इंजिन फोर्ड आणि प्यूजो-सित्रोएन यांनी मिळून केलेलं. टर्बो पुढे रेडिएटरकडे आणि हीटर प्लग मागच्या बाजूला, इंजिन आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) यांच्या बेचक्यात. वरून बघितलं तर पाईप आणि वायरिंग सोडून काही दिसत नाही. वायपर आणि काचेखालची जाळी काढली तेव्हा हात जायला जागा झाली. तरी हाय प्रेशर पंपाकडचा प्लग डोळ्यांना दिसतच नाही. दांडीचा आरसा आत धरून जागा बघायची आणि मग बोटांनी चाचपायचं. पाव इंची रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, मध्ये नकल जॉइंट, टोकाला खोल गोटी (सॉकेट). गोटी प्लगवर सरळ बसली नाही आणि तिरका जोर लागला, की प्लग मोडलाच. मिस्त्री दर वेळी गोटी बसवून आधी नुसती हलवून बघत होते, मगच जोर लावत होते.

आदल्या संध्याकाळी आट्यांवर रस्ट सोडवणारा स्प्रे मारून गाडी ठेवून घेतली. सकाळी इंजिन चांगलं गरम केलं. हेड अॅल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम जास्त फुगतं आणि आट्यांची पकड सैल होते. मग टॉर्क रेंच. इथे माझे कान टवकारले. दहा मिलिमीटरच्या आट्याचा प्लग साधारण ३५ न्यूटन मीटरला तुटतो. त्यांनी रेंच त्याच्या बऱ्याच खाली लावला होता आणि तो उलट्या दिशेलाही क्लिक देणारा होता. बरेच स्वस्त रेंच फक्त आवळतानाच क्लिक देतात, सोडताना नुसता दांडा. क्लिक झालं की थांबायचं, पुन्हा स्प्रे मारायचा, थोडं आवळायचं, थोडं सोडायचं. पहिले दोन असे निघाले. तिसऱ्याने कर्रर्र असा आवाज केला, तसा त्यांनी हात बाहेर काढला आणि पोऱ्याला चहा आणायला पाठवलं. मी विचारलं, "दादा, अजून थोडा जोर लावला तर?" तर म्हणाले, "लावतो की. पण मग तुमचा तो अठ्ठावीस हजारवाला खरा ठरेल."

तिसरा दुपारी निघाला. पंपामागचा चौथा त्या दिवशी काही निघाला नाही, पुन्हा रात्रभर स्प्रेत ठेवला. निघाल्यावर बघितलं तर टोकावर काजळीचा कडक थर बसलेला. तो भोकात अडकतो म्हणूनच हे प्लग मोडतात. नवे घालण्याआधी रीमरला (भोक खरवडून साफ करायचं हत्यार) ग्रीस फासून प्रत्येक भोक हाताने साफ केलं. काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येते, सिलिंडरमध्ये पडत नाही. नवे प्लग आधी बोटांनी पूर्ण फिरवून बसवले, शेवटी रेंचने पंधराच्या आसपास आवळले. पुन्हा क्लॅम्प लावून मला आकडा दाखवला: अठ्ठावन्न. जुने चारही प्लग नव्यांच्या खोक्यांत घालून परत दिले.

गाडी आता पहिल्या सेल्फला उठते. ठाण्यातही फरक पडलाय, कारण इंजिन सुरू झाल्यावरही हीटर थोडा वेळ तापत राहतात. सुरुवातीची थरथर गेली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची धुराची तक्रारही.

खर्च: चार प्लगचे साडेचार हजार, मजुरी साडेतीन हजार. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं तेव्हापासून पार्टची धास्ती असते, पण प्लग नामांकित कंपनीचेच मिळाले. जाताना जुन्या प्लगवरचा नंबर जुळवून घ्या, नुसतं 'फिगोचे द्या' म्हणू नका.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. हात इंजिनात असतात हे मान्य, पण संध्याकाळी उलटा फोनही येत नाही, स्वतः जाऊन विचारावं लागतं. पार्किंगची बोंब आहे. गाडी दोन रात्री गल्लीतच उभी होती आणि समोरच्या टेम्पोवाल्याशी रोज हुज्जत. बसायला एक स्टूल, तोही बहुतेक वेळा नोझलच्या डब्यांनी व्यापलेला. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितलं की मात्र पक्कं मिळतं, त्यामुळे मागाच.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापलाय काचेखालच्या जाळीच्या एका क्लिपसाठी. काढताना तुटली आणि 'मागवून बसवतो' म्हणालेत. घोडबंदरच्या खड्ड्यांत ती जाळी टकटक वाजते. क्लिप बसली की पूर्ण पाच करते.