थेट विमान की मध्ये थांबा? दूरदेशी जाताना काय निवडावं

तिकीट शोधताना नजर आधी भाड्यावर जाते, मग एकूण तासांवर. किती वाजता उतरणार, हे बऱ्याच जणांना पैसे भरून झाल्यावर कळतं. मी हा क्रम उलटा करायला सांगेन. कोणत्या दिशेला जायचंय, तिथल्या घड्याळाप्रमाणे किती वाजता पोहोचणार आणि पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करणं भाग आहे, हे आधी पाहा. चार तास जास्त लागणारं विमान अनेकदा जास्त सोयीचं निघतं.

1947 साली सिडनीहून लंडनला जाणारी कॉन्स्टेलेशन विमानं चार दिवस घेत आणि वाटेत ठिकठिकाणी उतरत. निवडीला वावच नव्हता. मार्च 2018 पासून पर्थ ते लंडन हे सुमारे 14,500 किलोमीटर अंतर साधारण सतरा तासांत, कुठेही न थांबता कापता येतं. सिंगापूर ते न्यू यॉर्क सुमारे 15,300 किलोमीटर, म्हणजे अठरा तासांहून जास्त. एका दमात जावं की नाही, हा प्रश्न त्यामुळे तसा अलीकडचाच.

आधी दिशा पाहा

माणसाच्या जैविक घड्याळाचा फेरा सरासरी चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. म्हणून रात्री तासभर जास्त जागणं जमतं, पण तासभर आधी झोपायचं म्हटलं की नुसतं कूस बदलत पडावं लागतं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, ते शरीराला मानवतं. पूर्वेकडे जाताना दिवस आखडतो, ते मानवत नाही. ढोबळ हिशेब असा की पूर्वेकडे गेल्यावर शरीराचं घड्याळ रोज सुमारे एक तास सरकतं, पश्चिमेकडे दीड तास. आठ तासांचा फरक असेल तर पूर्वेला आठवडा जातो, पश्चिमेला पाच-सहा दिवस.

आता उतरण्याच्या वेळेकडे येऊ. रोज सातला उठणाऱ्याच्या शरीराचं तापमान पहाटे साडेचारच्या आसपास सर्वांत खाली गेलेलं असतं. त्या वेळेच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर पडलेला प्रकाश झोप आणखी उशिरावर ढकलतो. नंतरच्या काही तासांतला प्रकाश झोप लवकर आणतो. आठ तास पूर्वेकडे गेलात की घरची पहाटे साडेचारची वेळ तिथल्या दुपारी साडेबाराला येते. म्हणजे सकाळी सहाला उतरून, 'उन्हात फिरलं की जेट लॅग (वेळ बदलल्याने झोपेचा होणारा घोळ) जातो' हे ऐकीव शहाणपण पाळत दुपारपर्यंत भटकलात, तर घड्याळ नेमकं उलट्या बाजूला सरकतं. पहिल्या सकाळी काळा चष्मा आणि सावली, ऊन दुपारनंतर. पुढे रोज उन्हात जायची वेळ साधारण तासाभराने अलीकडे आणायची.

पश्चिमेला हा खटाटोप नाही. आठ तास पश्चिमेकडे तीच वेळ रात्री साडेआठला येते, त्यामुळे दुपारी-संध्याकाळी उजेडात राहिलं की काम भागतं. फरक दहा-बारा तासांचा असेल तर दिशेचा भेद पुसट होतो. तेव्हा झोप उशिराकडे सरकवत नेणंच सहसा सोपं.

याचा तिकिटाशी संबंध सरळ आहे. पूर्वेकडे जाताना पहाटे उतरवणारं थेट विमान आणि दुपारी दोनला उतरवणारं, मध्ये एक थांबा असलेलं विमान समोर असेल, तर मी दुसरं घेईन. राहायची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतरच ताब्यात मिळते, हाही हिशेब त्यात आलाच.

थेट विमानाचं पारडं

थेट प्रवासाचा सर्वांत मोठा फायदा वेळेचा नव्हेच. एकदा बसलं की कुणी उठवत नाही, सलग सहा-सात तास झोपेला मिळतात. सामान एका विमानातून दुसऱ्यात चढवायचं राहून गेलं, हा प्रकार संपतो. तिसऱ्या देशाच्या ट्रान्झिट व्हिसाची (फक्त विमान बदलण्यासाठीच्या परवानगीची) भानगड उरत नाही. वयस्कर आईवडील एकटे येणार असतील, किंवा लहान मूल कडेवर असेल, तर जास्त विचार न करता थेट विमान घ्यावं; अनोळखी विमानतळावर रात्री तीनला दुसरं गेट शोधणं तरुणांनाही झेपत नाही.

दुसरी बाजू शरीराची. केबिनमधला हवेचा दाब 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो. एअरबस ए350 आणि बोईंग 787 ही नवी विमानं यातल्या 1,800 मीटरच्या टोकाला, म्हणून तीच मिळाली तर बरं. हवेतली आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली असते. बसून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याची भीतीही खरी आहे, पण तिचं माप माहीत असावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त वेळ न हलता बसून प्रवास केल्यास धोका साधारण दुप्पट होतो, तरीही तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच राहतो. आधी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा. मध्ये उतरलं की हा धोका संपला, असंही नाही. थोड्या दिवसांत पाठोपाठ केलेल्या प्रवासांनीही तो वाढतो.

मध्ये थांबा: इथे खरी गोम तिकिटात आहे

एकाच तिकिटावर दोन विमानं असणं आणि दोन वेगळी तिकिटं जोडून घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाच तिकिटावर पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची. वेगळ्या तिकिटांवर चुकलेलं विमान तुमचं, नवं भाडंही तुमचंच. शिवाय बहुतेक वेळा इमिग्रेशन पार करून, सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. स्वस्तातलं स्वस्त भाडं दिसतं तेव्हा बरेचदा ते असंच जोडलेलं असतं. कायमचं राहायला निघालेल्याने, मोठ्या बॅगा घेऊन, हा जुगार खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतून पुढे जाणाऱ्यांनी वेगळं लक्ष द्यावं. तिथे केवळ विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं आणि त्यासाठी व्हिसा किंवा तत्सम परवानगी हवी. थांबा दोन ते चार तासांचा ठीक. दीड तासाच्या आत असेल तर मी ते तिकीट सोडून देतो.

आणि कुणी काही वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून तास सांगत असेल तर पुन्हा तपासा. 2022 मध्ये रशियाचं आकाश अनेक कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला.

रात्रीचा मुक्काम

वाटेत एक रात्र काढली की जेट लॅग अर्धा होतो, हा समज फार पसरलाय. एका रात्रीत घड्याळ तासभरच सरकतं. मुक्कामाने थकवा जातो, झोपेची उधारी फिटते, आणि तेवढं काही कमी नाही. पाठदुखीवाल्यांना तर मी हेच सुचवेन. पण घड्याळ सरकवण्यासाठी मुक्काम करायचा तर दोन-तीन रात्री हव्यात. तेवढे दिवस हाताशी असतील तर ते पोहोचण्याच्या ठिकाणीच लवकर जाऊन घालवलेले बरे. मुक्काम केलाच, तर मोठं सामान शेवटपर्यंत जाणार की मध्येच ताब्यात घ्यावं लागणार, हे आधी विचारून घ्या, आणि रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

कशासाठी जाताय?

दोन-तीन दिवसांच्या कामासाठी जाणाऱ्याने थेट विमान घ्यावं आणि शक्य तितकं घरच्याच वेळेला जगावं. सरकवलेलं घड्याळ परत फिरवायला वेळ मिळत नाही. बैठक ठरवायची तर स्वतःच्या घरच्या दिवसा येईल अशा वेळी.

राहायला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. रुजू होण्याच्या किमान चार-पाच दिवस आधी पोहोचा, पूर्वेकडे जात असाल तर आठवडाभर. वर्षभराच्या भाडेकराराचं घर आधीच पक्कं करून जाणं सोयीचं वाटतं, पण रस्त्यावरचा आवाज, खिडकीत येणारा उजेड, स्टेशनपर्यंतची चढण यांतलं फोटोत काही कळत नाही. दोन-तीन आठवड्यांपुरती जागा घेऊन, घर प्रत्यक्ष बघून ठरवणं थोडं महाग पडतं, तरी मी तेच निवडेन. फक्त सही पहिल्या तीन दिवसांत नको; अपुऱ्या झोपेत कुठलंही घर नकोसं किंवा भलतंच छान वाटतं. गाडीचंही तसंच. उलट्या बाजूने रहदारी असलेल्या देशात उतरल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू नका, कुणी न्यायला येत नसेल तर टॅक्सी करा.