जॅझचा पहिला अल्बम कोणता घ्यावा? ख्याल ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकरासाठी

घरात रेकॉर्ड प्लेअर आलाय, किशोरीताई आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या जुन्या एलपी जमल्यात आणि आता जरा जॅझकडे वळून बघावं असं वाटतंय, अशी दर्दी मंडळी कोल्हापुरात हल्ली भेटतात. त्यांना मिळणारा सल्ला ठरलेला असतो: माइल्स डेव्हिसचा १९५९ सालचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. सल्ला वाईट नाही. पण त्या अल्बमवर वाजवणारा एकही जण आता हयात नाही, आणि आज वाजवणाऱ्या माणसाचा पुढचा अल्बम कधी येतोय याची वाट बघण्यात वेगळीच मजा असते. म्हणून इथे २००८पासूनचेच अल्बम घेतलेत. परदेशातून आलेली एक एलपी सहज तीन हजारांच्या घरात जाते. 'सगळंच ऐका हो' म्हणणं सोपं आहे. एकच घ्यायची झाली तर कोणती, हा खरा प्रश्न.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तबला किंवा मृदंग असलेला अल्बम पहिला घेऊ नका.

दुकानदार, मित्र, मोबाइलवरचं ॲप, सगळे आपल्याला तिकडेच ढकलतात. 'तुम्ही शास्त्रीय ऐकता ना, मग शक्ती ऐका.' शक्ती या बँडचा २०२३चा 'धिस मोमेंट' झकास आहे, त्याला ग्रॅमीही मिळालं. झाकीरभाई, शंकर महादेवन, सेल्वागणेश. वाद घालायला जागाच नाही. पण आपला कान तिथे काय करतो ते बघा. तो तबल्याच्या मागे जातो, तिहाईला मान डोलावतो, शंकरच्या हरकतीला 'क्या बात' म्हणतो आणि जॉन मॅक्लॉफलिनची गिटार साथीला असल्यासारखी ऐकून सोडून देतो. अल्बम संपतो तेव्हा आपण आपलंच गाणं ऐकलेलं असतं. रुद्रेश महंतप्पाच्या 'किन्समेन'चं (२००८) तेच होतं. अमेरिकेत वाढलेला हा अल्टो सॅक्सोफोनवाला त्यात कद्री गोपालनाथांबरोबर वाजवतो, सोबत कन्याकुमारींचं व्हायोलिन आणि पूवलूर श्रीजींचा मृदंगम. एकाच वाद्यावर एकाची गमक आणि दुसऱ्याची जॅझची फेक शेजारी शेजारी ऐकायला मिळते. पण शेजारी काय चाललंय हे कळायला आधी त्या दुसऱ्याची भाषा थोडी तरी कानावरून गेलेली हवी. तिसरा-चौथा अल्बम म्हणून तो अप्रतिम आहे.

आपला कान अडतो तो वाद्यापाशी नाही, षड्जापाशी. आपल्याकडे तंबोरा लागला की मैफल संपेपर्यंत सा जागचा हलत नाही. प्रत्येक स्वराचं नातं त्या एका सा-शी. जॅझमध्ये खाली बेसवाला आणि पियानोवाला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदलत राहतात, म्हणजे वरचा स्वर तोच असला तरी त्याचा आधार बदलतो. नव्या ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस भरकटला. तो भरकटलेला नसतो. बारा किंवा बत्तीस बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा तुकडा) एक आराखडा असतो, तो आपल्या आवर्तनासारखा फिरून फिरून येतो. सुरुवातीला सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेक जण त्या आराखड्यावर आपापली बढत करतो, शेवटी पुन्हा धून. सगळं जॅझ असंच चालतं असं नाही, पण एवढं माहीत असलं तरी निम्मी भीती जाते.

या हिशेबाने आपल्यासाठी सगळ्यात सोपा अल्बम 'प्रॉमिसेस' (२०२१). फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा सॅम शेफर्ड, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि ऐंशीच्या घरातले फॅरो सँडर्स. काही स्वरांची एक छोटी आकृती सुरुवातीला येते आणि सेहेचाळीस मिनिटांपैकी बहुतेक वेळ तीच येत राहते, जवळजवळ तंबोऱ्याच्या जागी. त्यावर सँडर्सचा टेनर सॅक्सोफोन एकेक स्वर ठेवत जातो, मध्येच तोंडाने काहीतरी पुटपुटतोही. आलाप ऐकायची सवय असलेल्याला हे पहिल्या पाच मिनिटांत पटतं. सँडर्स सप्टेंबर २०२२मध्ये गेले, त्यामुळे हा त्यांचा निरोपाचा अल्बम ठरला. तरीही पहिल्या खरेदीसाठी मी तो सुचवणार नाही. त्यात ड्रम्सच नाहीत, एकमेकांना छेडणं नाही, कुणी कुणाला अडवत नाही. तो ऐकून 'मला जॅझ कळलं' असं वाटलं तर फसगत पुढच्या अल्बमला होईल.

आता खरा सामना. २०१५ या एकाच वर्षी दोन अल्बम आले आणि दोन्हींचे स्वभाव अगदी विरुद्ध.

कमासी वॉशिंग्टनचा 'द एपिक' तीन तबकड्यांचा आहे, जवळजवळ तीन तासांचा. लॉस एंजेलिसच्या या टेनर सॅक्सोफोनवाल्याने आपल्या जुन्या दोस्तांची दहा जणांची टोळी घेतली, दोन ड्रमवाले, दोन बेसवाले, वर बत्तीस जणांचा वाद्यवृंद आणि वीस जणांचं कोरस. पहिलाच तुकडा 'चेंज ऑफ द गार्ड' बारा मिनिटांचा. आवाज मोठा, भावना मोठ्या, सॅक्सोफोन किंचाळेपर्यंत चढतो आणि मागून कोरस उसळतं. आपल्या विसर्जन मिरवणुकीत साउंडच्या भिंतीसमोर उभं राहून छातीत ठोके घेणाऱ्या गावाला हे समजावून सांगायला नको. 'हेन्रिएटा अवर हीरो' हे त्याने आजीवर केलेलं गाणं मात्र ऐका. इतक्या गर्दीत ते वेगळं उठून दिसतं.

अडचण लांबीची आहे. तीन तास आपल्याला नवे नाहीत, पण आपली मैफल तीन तासांत रागागणिक रंग बदलते. 'द एपिक'मध्ये दुसऱ्या तबकडीच्या मध्यावर तेच शिखर पुन्हा पुन्हा चढल्यासारखं वाटायला लागतं. कळस सारखाच यायला लागला की त्याचा कळस राहत नाही. शिवाय तीन एलपींचा संच म्हणजे खर्चही त्याच मापाचा.

कमासीच घ्यायचा असेल तर 'हार्मनी ऑफ डिफरन्स' (२०१७) घ्या, असं मी ठामपणे सांगेन. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या प्रदर्शनासाठी केलेलं हे काम जेमतेम अर्ध्या तासाचं आहे. रचना बघा: आधी पाच छोट्या चिजा, प्रत्येकीची धून वेगळी. मग सहावी, 'ट्रुथ', तेरा मिनिटांची, जिच्यात त्या पाचही धुना एकमेकींवर चढतात. एक सॅक्सोफोनवर चालू असताना दुसरी कोरसमध्ये, तिसरी तंतुवाद्यांवर. एका वेळी एकच स्वररेषा ऐकणाऱ्या आपल्या कानाला यापेक्षा चांगली शिकवणी नाही, कारण पाचही धुना आधी सुट्या सुट्या ऐकवलेल्या असतात. जोडराग ऐकताना आपण 'हा इकडचा, हा तिकडचा' असं ओळखतो. इथे दोन्हीकडचं एकाच क्षणी वाजतं, आणि तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात ते वेगळं काढता यायला लागतं.

२०१५चा दुसरा अल्बम, विजय अय्यरचा 'ब्रेक स्टफ', म्हणजे उलटं टोक. तिघंच जण: पियानोवर अय्यर, बेसवर स्टीफन क्रम्प, ड्रम्सवर मार्कस गिलमोर. ईसीएम या जर्मन कंपनीचा अल्बम, म्हणजे आवाज स्वच्छ. झांजेवर काठी कुठे टेकली तेही ऐकू येतं. अय्यर तमिळ आईवडिलांचा मुलगा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत १९७१ला जन्मला, येलला गणित-भौतिकशास्त्र शिकला, आता हार्वर्डमध्ये शिकवतो. हे वाचून लोक त्याला 'गणिती' म्हणून लांबूनच नमस्कार करतात. करू नका. निदान कोल्हापूरने तरी करू नये.

कारण हे गाव अल्लादियाखाँसाहेबांचं आहे. शाहू महाराजांच्या दरबारी गायक म्हणून ते इथे राहिले आणि जयपूर-अत्रौली गायकीने इथे मूळ धरलं. त्या गायकीत तान लयीच्या अंगाला चिकटून चालते, मात्रेच्या पोटातल्या तुकड्यांत गुंफलेली असते आणि पेच घेत घेत समेवर येते. देवल क्लबातल्या बैठकीत समेला हात खाली येणाऱ्या माणसाला अय्यरचा हिशेब परका वाटायचं कारण नाही.

'हूड' हा तुकडा लावा. डेट्रॉइटच्या रॉबर्ट हूड या टेक्नोवाल्याला केलेला तो सलाम आहे, म्हणजे यंत्राने वाजवायचं संगीत तीन माणसं हाताने वाजवतायत. पियानोवर एक इवलीशी आकृती, सारखी तीच. पहिल्यांदा वाटतं, सुई अडकली. मग लक्षात येतं की आकृती तीच असली तरी वजन सरकतंय. मघाशी जी मात्रा जड होती ती आता हलकी झालीय. गिलमोर त्या वेळी टाळ्या बदलून दिल्यासारखा जोर हलवत असतो. (थोर ड्रमवादक रॉय हेन्स यांचा हा नातू, घराणं तिकडेही असतं.) हातावर मात्रा धरून ऐका. चुकेल, पुन्हा धरा. 'मिस्ट्री वुमन'मध्ये दक्षिणेकडच्या तालवाद्यांचा हिशेब मुरवलाय, पण मृदंग नाही, त्यामुळे लक्ष पियानोवरच राहतं. मला हवं ते हेच.

जुन्या चिजा नव्याने मांडणं बघायचं असेल तर 'काउंटडाउन' आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं मूळ जेमतेम अडीच मिनिटांचं, कॉर्ड धापा टाकत बदलतात. अय्यर तीच चीज सैल करतो आणि खालून ठेका घालतो. दोन्ही लागोपाठ ऐकलीत तर बंदिश आणि मांडणी यांतला फरक त्यांच्याकडे कसा चालतो ते न सांगता कळेल. आणि 'ब्लड काउंट' तो एकटाच वाजवतो. बिली स्ट्रेहॉर्नने १९६७ला इस्पितळात असताना लिहिलेली ही शेवटची रचना. लयीच्या सगळ्या कसरतींनंतर इथे मात्रा मोजायची नाही.

उणीव सांगायची तर 'ब्रेक स्टफ' पहिल्या ऐकण्यात गार वाटतो. पाहुणे आले असताना लावायचा अल्बम नव्हे. बारा तुकड्यांत गाता येईल अशी धून फार थोड्या वेळा मिळते, आणि ज्यांना गाण्यातून आधी सूर हवा, लय नंतर, त्यांची तगमग होईल.

अशांनी सरळ 'द विंडो'कडे (२०१८) जावं. सेसील मॅक्लॉरिन साल्व्हान्टचा आवाज आणि सुलिव्हन फोर्टनरचा पियानो, बहुतेक सगळा अल्बम एवढ्यावरच. गाणी प्रेमाची, बरीचशी जुनी, एखादं फ्रेंच. ती शब्द कसा उच्चारते, एका ओळीत कुत्सितपणा आणि दुखावलेपण एकत्र कसं आणते, हे केशवराव भोसल्यांच्या गावात नाट्यपदं ऐकलेल्याला लगेच कळेल. फोर्टनर तर उत्तम पेटीवाल्यासारखा आहे. मागे मागे येत नाही, मध्येच प्रश्न विचारतो. इंग्रजी गाण्यांतले शब्द नीट कानावर पडत नसतील तर मात्र निम्मी मजा जाते, हे लक्षात ठेवून घ्या. शेवटचं 'द पीकॉक्स' एका मैफलीतलं आहे, त्यात मेलिसा अल्दानाचा सॅक्सोफोन येतो.

आणि ज्यांना बसून ऐकणं जमतच नाही त्यांच्यासाठी सन्स ऑफ केमेट, 'युअर क्वीन इज अ रेप्टाइल' (२०१८). लंडनचे चौघे: शबाका हचिंग्जचा सॅक्सोफोन, थिऑन क्रॉसचा ट्युबा, दोन ड्रमवाले. पियानो नाही, गिटार नाही. तालमीच्या मैदानावर हलगी-घुमकं सुरू झाल्यावर पाय जसे आपोआप हलतात तसलं प्रकरण. ट्युबा तर थेट लग्नाच्या बँडमधल्या भल्यामोठ्या भोंग्याची आठवण करून देतो. नऊ तुकड्यांना नऊ कृष्णवर्णीय स्त्रियांची नावं आहेत, अँजेला डेव्हिस, हॅरिएट टबमन आणि शबाकाची पणजी ॲडा ईस्टमनसुद्धा. राणी कुणाला म्हणायचं याबद्दल त्यांचं स्वतःचं मत आहे. ताराराणींच्या गावाला ते पटायला हरकत नसावी. नाद खुळा अल्बम, पण सलग ऐकला तर दमवतो. ही मंडळी २०२२मध्ये थांबली आणि शबाकाने पुढे सॅक्सोफोन बाजूला ठेवून बासऱ्या हातात घेतल्या.

रॉबर्ट ग्लॅस्परचा 'ब्लॅक रेडिओ' (२०१२) यादीत का नाही, असं कुणी विचारेल. छान आहे, पण तो हिप-हॉप आणि आर अँड बी ऐकणाऱ्यांना जॅझकडे आणणारा पूल आहे. आपण त्या काठावर राहत नाही.

पैसे माझे असते तर 'ब्रेक स्टफ', आणि सीडी प्लेअर असेल तर सीडीच, कारण मध्ये उठून बाजू पालटली की 'हूड'सारख्या तुकड्यांनी कानात धरवलेली लय सुटते. घरात तो तुम्ही एकटेच ऐकणार नसाल, सगळ्यांनी बसून ऐकायचं असेल, तर 'हार्मनी ऑफ डिफरन्स'. अर्ध्या तासात कुणी कंटाळत नाही. 'द एपिक'चा मोह झालाच तर आधी फोनवर तिन्ही तबकड्या संपवून बघा, आणि तिसरीपर्यंत पोहोचलात तरच संच मागवा. अय्यर जमला तर त्याच्यापुढे २०२१चा 'अनईझी' आहे. तिथे बेसवर लिंडा मे हान ओह आणि ड्रम्सवर टायशॉन सोरी, माणसं वेगळी म्हणून लयीचा कारभारही वेगळा. हिशेब तितकाच अवघड, पण हातावर मात्रा न धरता ऐकता येतो.