भुतरामहट्टीचं प्राणीसंग्रहालय: सासूबाई आणि पोरांना घेऊन जायचं असेल तर

बेळगावातून पुणे महामार्गाने काकतीच्या पुढं गेलं की भुतरामहट्टी. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा जन्म काकतीचा, म्हणून प्राणीसंग्रहालयालाही त्यांचंच नाव. गाडीत बसल्या-बसल्याच पोरांना 1824 ची कित्तूरची लढाई सांगून टाकली, वाट छान सरली.

जायचं तर सकाळीच जा. सिंह दिवसातले बरेच तास झोपूनच काढतो, दुपारी गेलात तर झाडाखाली पसरलेली पाठ तेवढी दिसणार. आम्ही ऊन चढायच्या आत पोचलो आणि एक सिंह जाळीच्या कडेकडेनं फेऱ्या घालताना मिळाला. पंजा टेकताना अजिबात आवाज नाही. वळताना खांद्याचं हाड कातडीखालून कसं सरकतं ते धाकटी श्वास रोखून बघत होती. 2021 मध्ये बेंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा प्राणीसंग्रहालयातून सिंह आणल्यापासून इथली गर्दी बदलली, ते का ते तेव्हा कळलं.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण मध्ये मध्ये बसत त्यांनी सगळं पाहिलं. टोपी, पाण्याच्या बाटल्या घ्याच. जेवण आम्ही घरून नेलं होतं, भाकरी, शेंगाचटणी, दही.

एकच कळकळीची विनंती. पिंजऱ्यापुढं शिट्ट्या मारू नका, चिरमुरे टाकू नका. हरणं दचकून कुंपणावर आदळतात, त्यात जीवही जातो. पोरांना हे घरातून निघतानाच समजावा. शक्यतो रविवार टाळा, आणि निघण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या.