जॉर्जियातलं आगाऊ मतदान, २०२२: पाचपैकी चार तारे

राहते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला. गव्हर्नरच्या निवडणुकीला आगाऊ मत देऊन आले, सासूबाई सोबत होत्या. "राज्यपाल कुठे निवडून देतात का गं?" अहो आई, इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच समजा.

सामना जुनाच, रिपब्लिकन ब्रायन केम्प आणि डेमोक्रॅट स्टेसी एब्रम्स. २०१८ मध्ये केम्प जेमतेम ५५ हजारांनी निघाले, आणि तेव्हा राज्याच्या निवडणुकांचं खातंही त्यांच्याच हाताखाली! या वेळी ते खुर्चीत होते आणि एब्रम्सबाई पुन्हा उभ्या.

सोय मात्र झकास. १७ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर, डबे भरून झाले की जा. लायसन्स दाखवलं, प्लास्टिकचं कार्ड मिळालं, पडद्यावर बोट टेकवलं. २०१८ ची यंत्रं मत नुसती गिळायची; या वेळी छापील कागद हातात आला. त्यावर नावं दिसत होती, पण मत मोजणारा स्कॅनर वाचत होता तो क्यूआर कोड. तो मला कुठे वाचता येतोय? एक तारा तिथेच कापला.

रांग पाऊण तासाची. २०२१ च्या कायद्याने रांगेतल्यांना बाहेरच्यांनी पाणी वाटायला बंदी आहे, तेव्हा बाटली घरूनच न्या. आमची गाडीत राहिली.

निघताना पीचचं चित्र असलेलं स्टिकर मिळतं. सासूबाईंना हवं होतं, मग माझंच काढून त्यांच्या पदराला चिकटवलं.

केम्प सुमारे ३ लाखांनी आले. मी कुणाला दिलं, ते सासूबाई अजून विचारताहेत.