'वारेसाठी अँटिऑक्सिडंट' कॅप्सूल : पाचपैकी एक तारा

माझ्या पहिल्या बाळंतपणात चौतिसाव्या आठवड्यात बीपी १६०/११० वर गेलं, लघवीत प्रोटीन आलं आणि रातोरात सिझर झालं. लेक पावणेदोन किलोची. म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहिल्यावर ऑनलाइन ही कॅप्सूल दिसली आणि लगेच मागवली. पाकिटावर लिहिलंय : 'ऑक्सिडेटिव्ह ताण घटवा, वार जपा.' (वार म्हणजे पोटातल्या बाळाला पोषण पोचवणारी प्लॅसेंटा; ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणजे पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू जास्त होणं.) एका कॅप्सूलमध्ये व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट.

आठ दिवस घेतल्या. पित्त खवळलं, तेव्हा बाराव्या आठवड्याच्या तपासणीला पाकीट डॉक्टरांसमोर ठेवलं.

त्यांनी पाकिटाच्या मागेच पेनाने चित्र काढून दाखवलं. वारेला रक्त देणाऱ्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पहिल्या काही महिन्यांत नरसाळ्यासारख्या रुंद व्हाव्या लागतात. तशा झाल्या नाहीत तर बागेच्या पाइपवर अंगठा दाबल्यावर पाणी उडतं तसं रक्त वारेवर आदळतं, तेही कधी कमी, कधी जास्त. तिथे ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, वारेतून नको ते घटक आईच्या रक्तात उतरतात आणि बीपी चढतं. म्हणजे पाकिटावरचा शब्द खरा आहे. पण कॅप्सूलने नळी रुंद होत नाही, हे कुठे छापलंय?

आणि हा डोस तपासून झालाय! नेमकं एवढंच सी आणि ई ब्रिटनमध्ये जोखमीच्या २४०० गरोदर बायकांवर आजमावलं, २००६ साली निकाल आला. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे मला पहिल्या वेळी झाला तो गरोदरपणात बीपी चढण्याचा आजार, टळला नाही, उलट कमी वजनाची बाळं औषध घेणाऱ्या गटात जास्त निघाली. हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला. गरोदर बाईची भीती ओळखून हे विकायचं, याचा मला मनापासून राग आहे.

डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करून रोज रात्री ॲस्पिरिन १५० मिलिग्रॅम सुरू केली. २०१७ च्या मोठ्या चाचणीत जोखीम असलेल्या बायकांमध्ये ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया तिच्यामुळे ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आला होता. पण ती सगळ्यांसाठी नाही, मनाने घेऊ नका.

कॅप्सूलचे पैसे गेले ते गेले. त्याऐवजी दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन घ्या, आणि पट्टा आपल्या दंडाच्या मापाचा आहे ना, ते दुकानातच बघा. मी सकाळी पाच मिनिटं शांत बसून मोजते आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिते. १४०/९० दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा, असं ठरलंय. आज एकतिसावा आठवडा, ११८/७६.