स्वित्झर्लंडचा मार्ग बरा की फिनलंडचा?

काल नागपूरच्या फुटाळा तलावावर मित्राशी यावरच वाद झाला, तो म्हणे देश तटस्थ आहे तर नाटोशी, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीशी, संबंधच कशाला. पण भाऊ, तटस्थ म्हणजे एकटं बसणं नाही ना.

स्वित्झर्लंड पहा, 1996 पासून नाटोच्या शांतता भागीदारीत (सदस्य नसलेल्या देशांसोबतच्या सहकार्य कार्यक्रमात) आहे, 1999 पासून त्यांचे सैनिक कोसोवोत काम करून राहिले, 2023 मध्ये ऑस्ट्रियासोबत युरोपच्या स्काय शील्ड हवाई संरक्षणातही यायची तयारी दाखवली, पण सदस्य नाही. म्हणजे दुसऱ्यावर हल्ला झाला तर लढायला जायचं बंधन नाही, आणि आपल्यावर झाला तर कोणी येईलच याचीही गॅरंटी नाही. शिवाय 2022 मध्ये जर्मनीला स्विस बनावटीचा दारूगोळा युक्रेनला द्यायचा होता, स्वित्झर्लंडनं परवानगीच दिली नाही, हे मला तरी पटलं नाही.

फिनलंडनंही आधी 1994 पासून असंच भागीदार राहून निभावलं, मग युक्रेनवर हल्ला झाला आणि 4 एप्रिल 2023 ला सरळ सदस्य झाले. कलम 5 चं (एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला) संरक्षण मिळालं, पण मोकळीक गेली.

माझं मत, रशियाला लागून 1,300 किमीपेक्षा लांब सीमा असेल तर फिनलंडचंच बरोबर. स्वित्झर्लंडच्या चारही बाजूला मित्र देश, त्याला अर्धी मैत्री परवडते.